टेपच्या आतले वडे

कुंदाताईंचा डबे पोचवणाऱ्या विष्णूवर संशय होता. तो वाटेत डबा उघडतो, असा.

कुंदाताई हिंदी मुलखात, गढा नावाच्या वस्तीत राहतात. एकादशीला घरून साबुदाणा वडे पाठवतात. बँकेच्या बदलीनं इथं आलेली मराठी घरं ते मागवतात. मी त्यांची वरच्या खोलीतली भाडेकरू. एम.ए. झालेली, नोकरी शोधणारी. त्यामुळे एकादशीला मी खाली वडे थापत असते.

पूर्वी वडे पुठ्ठ्याच्या खोक्यात जायचे. ताई स्वतः नेऊन द्यायच्या. मग त्यांचा गुडघा धरला आणि कांचघर वस्तीतला विष्णू डबे पोचवायला मोटारसायकल घेऊन येऊ लागला. उपवासाचं अन्न परक्या हाती जाणार. कुणी उष्टं केलं तर? ताईंनी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले. झाकणाभोवती टेप, टेपवर आणखी टेप.

तेव्हापासून तक्रारी. वडे मऊ, ओलसर.

"थांबत असेल कुठंतरी," ताई म्हणाल्या. "उघडून वास घेत असेल."

"टेप तर जशीच्या तशी असते."

"तेच तर. इतकी साफ टेप कोण परत लावतं? सराईत आहे."



सगळ्यात मोठी ऑर्डर बँकेतल्या प्रणोतीची. तिनं फोनवर सांगितलं, पुन्हा असे आले तर बंद. ताईंनी ठरवलं, विष्णूला काढायचं. पण आधी पकडायचं.

त्या एकादशीला मी स्कूटरवरून त्याच्या मागे गेले. तो कुठंही थांबला नाही. प्रणोतीच्या फाटकाशी मात्र माझ्याकडे वळला.

"दीदी, मागे मागे काहून येऊन राहिल्या? पेट्रोल जास्त झालं काय?"

प्रणोतीनं माझ्यासमोर टेप कापली. वडे ओले.

"एकदा बदलून पाठवा," ती म्हणाली. "शेवटचं."

मी ताईंना सगळं सांगितलं.

"अच्छा. म्हणजे तूही त्याला मिळालीस."



ताईंनी गरम वड्यांचा एक डबा भरला. टेप लावली. ओट्यावर ठेवला आणि समोर स्टूल टाकून बसल्या. मला दूर बसवलं. विष्णू आला, त्याला दारातच थांबवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी टेप कापली.

झाकणाच्या आतून पाणी टपकलं. वडा बोटाखाली दबला.

ताईंनी झाकण उलटं करून पाहिलं.

"वाफ," मी म्हटलं. "तिला बाहेर जायला जागा नाही."

"दिसून राहिलं मला."

त्यांनी माळ्यावरची जुनी पुठ्ठ्याची खोकी काढायला लावली. कडेला दाभणानं भोकं पाडली. तळाशी कागद घातला. वडे तळून चाळणीवर निथळू दिले, मगच भरले.

"ताई, आता भोकं तुम्हीच पाडून राहिल्या?" दारातून विष्णू म्हणाला.

ताईंनी एका भोकाला करंगळी लावून पाहिली. आत जात नव्हती.

"चलो, जा. कुठं थांबू नको."

थोड्या वेळानं प्रणोतीचा फोन आला. आधी वडा चावल्याचा कुरुमकुरुम आवाज आला, मग ती बोलली. पुढच्या एकादशीचीही ऑर्डर दिली.

विष्णू परतला तेव्हा त्याच्यासाठी वड्यांचं एक खोकं तयार होतं. त्याला काढायचं काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यानं खोकं उलटसुलट पाहिलं.

"ताई, मलाच द्यायचं, तरी टेप?"

"मग? कांचघर दूर आहे," ताई म्हणाल्या. "वाटेत कुणी उघडलं तर?"