पदराला बांधलेला पेढा

तीन केमो झाले तरी आईच्या छातीतली गाठ विरते आहे की तशीच आहे, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नव्हतं. केस गेले, जेवण तुटलं. पण औषध आत पोहोचतंय का? डॉक्टरांनी पुन्हा पेट स्कॅन सांगितला; गाठ आत किती जागी आहे ते दाखवणारं चित्र, केमोआधीही एकदा काढलेलं. हेच औषध चालू ठेवायचं की बदलायचं, ते त्यावर ठरणार होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही विज्ञानाची; पण त्या दिवसांत माझा औषधावरचा आणि देवावरचाही विश्वास डळमळला होता.

स्कॅनच्या दिवशी टेंभुर्णीहून निघालो आणि वाटेत आईच्या हट्टाने राजूरला गणपतीच्या दर्शनाला थांबलो. स्कॅनआधी सहा तास उपाशी राहायचं, हे मीच तिला वाचून दाखवलं होतं. तरी पुजाऱ्यांनी दिलेला पेढा मी तिच्या तळहातावर ठेवला. प्रसादाला आपण खाणं म्हणतच नाही!

पायरीवरच्या एका बाईंनी माझ्या हातातली फाईल पाहिली.

"कुठं निघाल्या?"

"आईच्या पेट स्कॅनला."

"मंग थांब माय, तोंडात टाकू नको! आमच्या मालकाला असंच पेढ्यापायी वापस पाठवलं व्हतं."

"प्रसादाला न्हाई म्हणू का?" आई कळवळली.

"न्हाई कशाला म्हणती? पदराला बांध. देव काय पळून चालला का?"

किती तरी दिवसांनी आई हसली.

स्कॅनच्या ठिकाणी आधी बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. या वेळी न राहवून मी तिथल्या तंत्रज्ञांना विचारलं, साखरेची एवढी धास्ती का? ते म्हणाले, सुईतून जाते तीही एक प्रकारची साखरच, थोडी किरणोत्सारी. गाठीतल्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात, म्हणून चित्रात उजळतात. आधी गोड खाल्लं तर सुईतली साखर गाठीऐवजी स्नायूंकडे वळते आणि चित्र फसवं येतं. मी आईच्या पदराकडे बघतच राहिले.

स्कॅन झाल्यावर आईने पदराची गाठ सोडली. पेढ्याचा चुरा झाला होता.

"रिपोर्ट तर येऊ दे," मी म्हणाले.

"रिपोर्ट त्याच्या हाती. भूक माझी हाय," म्हणत तिने अर्धा चुरा माझ्या तोंडात कोंबला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवलं. जुन्यातला काखेतला ठिपका नव्यात दिसेना. छातीतला निखारा मंदावला होता. "औषध लागू पडतंय. हेच चालू ठेवू."

आजार संपलेला नाही, अजून केमो बाकी आहेत. त्या बाई नेमक्या त्याच पायरीवर कशा बसल्या होत्या, याचं कुतूहल मला अजून आहे; उत्तराची घाई मात्र उरली नाही. आपल्या हातचं नीट करावं आणि मग हात जोडावेत, हे मी निकालाआधीच पेढा खाणाऱ्या माझ्या आईकडून शिकले.