सुरगाठ

कोंडवाड्याच्या फाटकाला दोरी बांधून झाली की मामा तिचं टोक ओढून बघत. सुरगाठ एका झटक्यात सुटली की मान हलवत आणि दोरी पुन्हा बांधत. तुम्ही म्हणाल, कोंडलेली गुरं सुटावीत याची काळजी घेणारा हा कसला राखणदार? मलाही तसंच वाटायचं.

मांजर्लीत नदीच्या अंगाला आमच्या नगरपालिकेचा हा कोंडवाडा. रस्त्यावरची मोकाट गुरं धरून तिथं ठेवायची, मालकाने दंड भरला की सोडायची. मी त्या खात्याचा कारकून, मामा रोजंदारीवर. म्हैस आली की आधी तिच्यापुढे पाण्याची बादली, मग माझं रजिस्टर. "तहानली असंल, भाऊसाहेब. तुमचा कागद काय पळून जातोय?" मालक उशिरा आला तर त्याला दंडाआधी मामांची बोलणी खावी लागत.

ऑफिसने दिलेलं कुलूप त्यांनी खिळ्याला टांगून ठेवलं होतं. एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आमचं गाव धरणात गेलं. पाणी चढलं तवा गोठ्यात गाय व्हती. मीच बांधली व्हती, निरगाठ मारून. भिजली, मग सुटंना."

एवढं सांगून ते बादली भरायला गेले. मी कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही.

एका पावसाळ्यात भर दुपारी नदी वाढली. मी पोहोचलो तेव्हा मामांनी नुकतीच दोरी ओढली होती आणि गुरं चढाच्या रस्त्याला लागली होती. पाणी गुडघ्याएवढं होतं. आम्ही दोघं समोरच्या इमारतीच्या जिन्यात जाऊन उभे राहिलो. तासाभरात कोंडवाड्याची भिंत दिसेनाशी झाली.

गुरं दंड न भरताच मालकांकडे गेली. साहेबांनी माझ्याकडून अहवाल मागवला. परवानगीशिवाय गुरं का सोडली, पाणी किती होतं?

"गुडघाभर," मामा म्हणाले.

"मामा, कमरेएवढं म्हणा," मी हळूच म्हटलं.

"नव्हतं तर कसं म्हणू? पुढचं तुमी पाह्यलंय. तुमी लिवा."

मी लिहिलं, ‘जनावरे सोडली तेव्हा पाणी गुडघ्याएवढे होते.’ वाक्य अगदी खरं होतं. तासाभरानंतरचं मात्र लिहिलं नाही. साहेबांचा कल मला ठाऊक होता आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मामांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे दोन वर्षांनी ते स्टेशनबाहेर करवंदं विकताना दिसले. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली. पानात मूठभर करवंदं जास्तीची घातली आणि विचारलं, "फाटकाला आता कुलूप लावत्यात का हो?"

"नाही मामा. दोरीच आहे. सुरगाठ."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

यंदा त्यांच्या जागी त्यांची सून बसली होती. मामा गेल्याचं तिनेच सांगितलं. मी करवंदं घेतली आणि घरी न जाता कोंडवाड्याकडे वळलो. आत दोन म्हशी होत्या. फाटकाला तेच कुलूप होतं, मामांनी खिळ्याला टांगलेलं, त्या सोमवारपासून लागलेलं. मी ते एकदा ओढून बघितलं.