बाबांचा गोठा आणि आमचं ‘फार्म’

गोठ्यामागचा उकिरडा कुणी मुद्दाम रचत नाही. रोज एक घमेलं पडतं आणि चार पावसाळ्यांनी बघावं तर टेकाड झालेलं असतं. आमच्या घरातल्या किश्शांचं तसंच आहे. ऑफिसात डबा खाताना मी एखादा सांगते. मैत्रिणी पोट धरून हसतात आणि मग विचारतात, “सुरेखा, तुझ्या भावांना राग नाही येत?” राग यायला आधी कळायला लागतं!

तर आधी माणसं सांगते. बाबा परळला मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा बाकीचे लोक कुठेकुठे वॉचमन म्हणून चिकटले, बाबा मात्र आईला घेऊन कणकवलीच्या पुढे गावी गेले. आजोबांची थोडी जमीन होती. तिथे त्यांनी गाय बांधली, मग बकऱ्या आल्या, कोंबड्या आल्या. आई गेली तरी ते तिथेच राहिले. प्रकाशदादा आणि संजू, माझे दोन भाऊ, परळलाच वाढले आणि राहिले. चाळीच्या जागी टॉवर झाला आणि दादा सतराव्या मजल्यावर गेला. मी लग्न करून लालबागला, म्हणजे भांडायला चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

*

संजू लोअर परळला मार्केटिंगमध्ये आहे. त्यामुळे त्याला गोठ्याला गोठा म्हणवत नाही, तो ‘आपलं फार्म’ म्हणतो. व्हॉट्सॲप ग्रुपचं नावही तेच. ग्रुपवर आम्ही सगळे आहोत, वहिनीचा पुण्याचा भाऊसुद्धा आहे. फक्त बाबा नाहीत, कारण त्यांचा फोन बटणांचा.

एकदा संजू ऑफिसची चार पोरंपोरी घेऊन गावी गेला. त्यांना तांबूबरोबर फोटो हवे होते. तांबू म्हणजे बाबांची गाय, तांबूस रंगाची, स्वभावाने बाबांसारखीच, नको त्याला शिंग दाखवणारी. बाबा नेहमीच्या खाकी हाफपँटीत शेण काढत होते. संजू त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, “बाबा, जरा धोतर नेसा ना. फोटो ऑथेंटिक वाटेल.”

बाबांनी घमेलं खाली ठेवलं नाही. म्हणाले, “माझ्या बापाशीन कधी धोतार नेसूक नाय. तू नेस आणि शेण काढ, मगे मी फोटो काढतंय.”

फोटो निघाला. त्यात तांबू आहे, ऑफिसची पोरं आहेत, संजू आहे. बाबा नाहीत.

*

मे महिन्यात आम्ही सगळे गावी जायचो. दादाला गावठी कोंबडी लागायची. मुंबईतली कोंबडी म्हणजे नुसता कापूस, असं त्याचं मत. वडे-सागोती रोज. बाबा काही बोलायचे नाहीत. लेकरं आली आहेत, खाऊ देत, असं आईच्या वेळेपासून चालत आलेलं.

एका वर्षी आम्ही परतलो आणि पाऊस लागला. दादाने बाबांना फोन लावला. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर अंडी यायची ती या खेपेला आली नव्हती. दादाचा आवाज अगदी कस्टमर केअरला तक्रार करावी तसा. “बाबा, अंडी का नाही पाठवली?”

“अंडी घालणारी तूच खाऊन गेलंस,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

*

टॉवरचं काम मध्ये अडकलं होतं. बिल्डर तोंड दाखवेना. दादा तेव्हा भाड्याच्या खोलीत, डोक्याला ताप. कुणीतरी म्हणालं, गावच्या देवाला बोल. दादा मुंबईत बसून बोलला: फ्लॅटची चावी मिळाली तर बोकड देईन.

आता बोकड काय परळच्या टॉवरमध्ये वाढतात? बोकड बाबांचा. बाबांनी तो बाटलीने दूध पाजून जगवला होता, त्याची आई व्यायल्या व्यायल्या मेली म्हणून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं ते आमच्या दादाने.

चावी मिळाली. आम्ही सगळे गावी गेलो. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घरच्या वडील माणसाने घालायचं असतं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. बाबा नारळ धरून उभे राहिले, शेजारी त्यांचा झील, म्हणजे मुलगा, आमचा दादा. डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, फ्लॅट झिलाचो.”

“व्हय म्हाराजा!”

“नवस झिलाचो.”

“व्हय म्हाराजा!”

“बोकड तेवढो माझो.”

सवयीने सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज दादाचा होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. मला अजूनही त्या दिवसाचा संताप येतो.

*

बाबांचं वय झालं तशी आमची काळजी वाढली. आमची काळजी म्हणजे काय, तर संजूने ऑनलाइन कॅमेरा मागवला. गोठ्यात एक, पडवीत एक. आता परळहून मोबाइलवर बाबा दिसायचे. दादा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना दाखवायचा, “हे बघा, फादर. लाइव्ह.”

थोड्याच दिवसांत गोठ्यातला कॅमेरा काळा झाला. दादाने फोन केला. बाबांनी त्यावर गोणपाट टाकलं होतं. म्हणे, कोण बघत असलं की तांबू पान्हा सोडत नाही.

“अहो, पण तुम्ही पडलात-बिडलात तर आम्हाला कळणार कसं?”

“माका बघूचा आसात तर घराक येवा.”

कुणी गेलं नाही. आणि बाबा खरंच पडले, गोठ्यात, त्या गोणपाट टाकलेल्या कॅमेऱ्याखाली. शेजारच्या भिकूकाकांना दुपारी दिसले. मांडीचं हाड मोडलं होतं. तांबू मध्येच उभी होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती, असं भिकूकाका सांगतात.

*

बाबांना मुंबईला आणलं, ऑपरेशन झालं, रॉड बसला. भूल उतरल्यावर पहिला प्रश्न, “गोरवांक पाणी कोण दाखयतलो?” भिकूकाका बघतायत, असं सांगितलं. ते खरंच होतं, तेव्हा.

“गणपतीक माका घराक सोडा,” बाबा म्हणाले. दादा म्हणाला, सोडतो. मग गणपती झाले. दादा म्हणाला, दिवाळीला. दरम्यान कोंबड्या कुत्र्यांनी नेल्या, बकऱ्या भिकूकाकांनी कुणाकुणाला दिल्या. उरली तांबू. भिकूकाकाही थकले होते, त्यांना दोष नाही.

एका रविवारी ग्रुपवर संजूने पोल टाकला. ‘तांबूचं काय करायचं?’ खाली तीन पर्याय: विकणे, गोशाळा, इतर. बाबा तेव्हा दादाच्या हॉलमध्ये वॉकर धरून खिडकीशी उभे होते. दादाने बेडरूममधून मत दिलं. मी दादाला फोन केला, “अरे, बाहेर जाऊन त्यांना विचार ना.”

“सुरेखा, त्यांना विचारलं तर ते नको म्हणतील.”

मी ‘इतर’वर दाबलं. एकटीच. विकणे जिंकलं. वहिनीच्या पुण्याच्या भावानेही मत दिलं, ज्याने आयुष्यात गाय फक्त दुधाच्या पिशवीवर पाहिली आहे. गिऱ्हाईक भिकूकाकांनी शोधलं. दादा मला म्हणाला, “काळजी करू नकोस, चांगल्या घरी दिलीय.” माझ्या लग्नानंतरही तो लोकांना हेच सांगायचा.

बाबांना सांगायचं नाही, असं ठरलं.

*

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, “तांबू बरी मा?” आणि दादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा, “एकदम मस्त.”

वहिनीला फ्रिजमध्ये मागच्या बाजूला पिशवी सापडली. केळ्याच्या साली, कोबीची वरची पानं, शेंगांच्या शिरा, नीट धुऊन ठेवलेलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. “टाकू नको गो. जाताना तांबूक नेतलंय.”

वहिनी स्वच्छतेची भोक्ती. घरात मुंगी आली तरी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते. तिने ती पिशवी परत होती तिथे ठेवली आणि दादाला ऑफिसात फोन करून अशा शिव्या घातल्या की त्याला मीटिंगमधून बाहेर यावं लागलं. दादाने खरं मात्र सांगितलं नाही.

मग एक दिवस बाबांनी तांबूबद्दल विचारणंच बंद केलं. पिशवीही त्यांनी स्वतःच ओल्या कचऱ्यात टाकली. दादाला हायसं वाटलं. संजूने ग्रुपवर लिहिलं, ‘बाबा फायनली सेटल झाले’, पुढे दोन हात जोडलेले.

*

फिजिओने चालायला सांगितलं होतं. बाबा काठी घेऊन सकाळी खाली उतरायचे आणि चांगले दोन-तीन तास यायचे नाहीत. घरच्यांना वाटलं, बागेत बसतात. शेवटी लिफ्टमध्ये शेजारचे गृहस्थ दादाला म्हणाले, “तुमचे फादर देवळाबाहेर बसतात का हो हल्ली?”

गल्लीच्या टोकाला देऊळ आहे. त्याच्या बाहेर एक बाई गाय घेऊन बसते. लोक तिच्याकडून गवताची पेंडी विकत घेतात, गाईला घालतात, शेपटी डोळ्यांना लावतात आणि ऑफिसला जातात. मुंबईतली नेहमीची गोष्ट.

त्या सोमवारी मी देवळात गेले होते. बाहेर आले तर बाई पाणी आणायला गेलेली आणि तिच्या जागी, उलट्या क्रेटवर, बाबा. गाईच्या गळ्याखाली हात घालून हळूहळू खाजवत होते. समोरून दादा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, “बाबा, घरी चला. लोक काय म्हणतील?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, पण कुणाही गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. एक पेंडी उचलून त्याच्यापुढे धरली.

“घाल.”

दादाच्या मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याने बूट काढले. पेंडी गाईसमोर धरली. ती संपेपर्यंत तो तसाच वाकून उभा होता.

“आता पाया पड.”

दादाने नमस्कार केला. बाबांनी खाली सांडलेल्या गवताच्या काड्या वेचल्या, गाईपुढे सारल्या आणि म्हणाले,

“ही विकूची नाय.”