तुकोजींच्या मांडीतला थर

सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा ओलसर ठेवावी लागे. इंदूरच्या एका गिरणीत तुकोजी मोहिते हवेत पाणी फवारणाऱ्या यंत्राची टाकी सांभाळत. गिरणी बंद पडायच्या वर्षी टाकीवरून पडून त्यांची मांडी मोडली. डॉक्टरांनी आत स्टीलची सळई घातली. गिरणीला कुलूप लागलं. मांडीतून पू मात्र दोन वर्षं वाहत राहिला.

डॉक्टर दर खेपेला गोळी बदलत आणि “अब बिलकुल ठीक” म्हणत.

“साहेब,” तुकोजी एकदा म्हणाले, “टाकीत बुळबुळीत थर धरायचा. वरून दवा ओतली की पाणी दोन दिवस साफ. थर घासल्याशिवाय जात नव्हता.”

“डॉक्टर तुम्ही की मी?”

“तुम्हीच. म्हणून तर दोन वर्षं गेली.”

शेवटी दुसऱ्या सर्जननं तसाच थर धरलेली सळई काढून हाड खरवडलं, आणि जखम दीड महिन्यात सुकली. ती सळई अनुश्री नावाच्या मुलीनं अभ्यासासाठी मागून नेली. ती एका खासगी संशोधन संस्थेत, केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक अशा चांदीच्या नॅनोकणांनी जंतू मरतात का, ते पाहत होती. एक दिवस ती तुकोजींकडे आनंदात आली. “काका, स्टीलवरचे सगळे जंतू मेले!”

“जंतूंचा थर किती दिवसांचा होता?”

“एका दिवसाचा.”

“पंधरा दिवसांचा धरू दे, मग सांग.”

तिनं तसं केलं. निम्मे जंतू जिवंत निघाले. तिनं दोन्ही निकाल लिहिले. संस्थेच्या संचालकांना एकच आवडला, कोणता ते सांगायला नकोच. त्यांनी पत्रकार बोलावले, तुकोजींना शाल पांघरली आणि जाहीर केलं, “आमच्या नॅनोनं यांचा पाय वाचवला!”

तुकोजींनी माइक ओढला. “अहो भिया, माझ्या पायात चांदीचा एक कणही गेला नाही. सळई उपसली म्हणून पाय वाचला. पोरीचा दुसरा निकालही वाचा ना, की तो झोंबतो?”

लोक हसले. संचालकही हसले, अशा माणसांना लाज कुठून असणार! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, ‘नॅनोचा चमत्कार’.

अनुश्रीला दुसरा निकाल गाळायला सांगितलं गेलं. तिनं नोकरी सोडली. तिनं परत कामावर जावं म्हणून घरी तिची समजूत घालायला सगळे जमले, तेव्हा तुकोजी तेवढे म्हणाले, “शाबास.”