न लावलेली झाडं

फोनवर ‘गफूरचाचा रिक्षा’ असं नाव आलं, म्हणून मी समोरचं ऐकायच्या आधीच म्हणाले, “चाचा, पाच मिनिटांत खाली येते.” पलीकडे त्यांचा मुलगा होता. “ताई, अब्बा गेले... पहाटे झोपेतच.” मी नुसतं “हो” म्हणाले. त्याला आता सव्वा महिना होईल.

चाचा नात्यानं माझे कोणी नव्हते. सोलापुरातल्या हिरव्या जागांचा आराखडा आमच्या ऑफिसकडे होता आणि जागा बघत फिरायला मी त्यांची रिक्षा ठरवली होती. मी मुळातच कमी बोलते. त्यात शाळा इंग्रजी, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. चाचांना त्याची कधी अडचण झाली नाही. माझ्या वाट्याचंही तेच बोलायचे.

चिंचोळी एमआयडीसीच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडा आत, गवताचा एक माळ आहे. नकाशात मी त्यावर ‘रिकामी जागा’ असं लिहून दाट झाडी दाखवली होती. खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा करत चालले होते, तेवढ्यात मागून चाचा ओरडले, “पाय वरच धर! टेकू नको!” मी एका पायावर उभी. खाली, गुराच्या खुरानं पडलेल्या खळग्यात गवताची वाटी होती आणि तिच्यात ठिपक्यांची तीन अंडी.

“चंडोलाची हायत,” चाचा म्हणाले. लहानपणी ते याच माळावर शेळ्या चारत. “हितं झाडं आली की त्यावर कावळं बसणार, अंडी उचलणार. मग ह्यांनी अंडी कुटं घालायची, तुज्या ऑफिसात?”

मी आठवडाभर वाचत, जाणकारांना विचारत राहिले. चाचांचं खरं होतं. गवत ही माळाची उणीव नव्हती, तोच माळ होता. पण निधी झाडांसाठी आला होता, रोपं सांगून झाली होती. चूक माझ्या नकाशातली होती, ती मीच बैठकीत सांगायला हवी होती. मी गेले, बसले आणि एक शब्द न बोलता बाहेर आले.

“न्हाई बोललीस?” रिक्षा सुरू करत चाचा म्हणाले. “मग काय, त्या पाखरानं येऊन बोलायचं का?”

पुढच्या बैठकीआधी त्यांनी रिक्षातच माझी तयारी करून घेतली. मी ‘ग्रासलँड इकोसिस्टीम’ म्हटलं की आरशातून बघायचे. “असलं बोललीस तर सायबाला झोप लागंल. माळ म्हण की सरळ.” त्या दिवशी मी माळ म्हटलं. साहेब हसले, “मॅडम, पैसे झाडांचे आलेत आणि तुम्हीच म्हणता झाडं नकोत?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी रोपं शहरातल्या उघड्या रस्त्यांच्या कडेला गेली आणि माळासाठी कुंपण अन् एक राखणदार मंजूर झाला. चाचांनी ते ऐकून मला उसाचा रस पाजला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. चाची इद्दतमध्ये आहेत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाहीत. चाचांच्या खाटेशेजारी बसून मी त्यांना फोनवर माळाचा फोटो दाखवला.

“हितं तर काईच न्हाई की,” त्या म्हणाल्या. “झाडं कुटं हायत?”

“लावली नाहीत.”

“मग ह्यांनी येवढी धडपड कशापायी केली?”

मी सांगायला लागले... खूर, खळगा, अंडी, कावळे. मनात वाक्य न जुळवता, चुकत, हातवारे करत. सुनेनं ठेवलेला चहा गार झाला. चाचींनी मला मधे तोडलं नाही. मी थांबले तेव्हा त्या खाटेकडे बघून म्हणाल्या,

“आन् हे मला सांगायचे, पोरगी लई गप्प हाय.”