जिभेवरची माती

यवतच्या स्टँडवर भेटलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. साठीचे असावेत. खुटबावच्या माझ्या दोन एकरांतली माती मी तपासणीसाठी पुण्याला नेत होतो. कसली माती म्हणून त्यांनी विचारलं, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"खारट हाय. ऊस किती वर्सं?"

"नऊ."

"आन् कालव्याच्या पान्याची पाळी आली की रान तुडुंब भरता. व्हय ना?"

"पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसते, आबा."

"आमीबी ह्येच म्हनायचो. तीन एकर पांढरंफटक पडलं. आता कंपनीच्या गेटवर बसतो." त्यांच्या पिशवीतून वॉचमनची टोपी डोकावत होती. गाडी आली तसे ते उठले. "पानी आलं म्हनून देत गेलो, सायेब. रान पितंय का बुडतंय, ते कवा बघितलंच न्हाई."

तपासणीतही क्षार जास्तच निघाले; जास्तीच्या पाण्यानं ते वर आले होते. मी ऊस मोडला, निचऱ्याला चर खणला आणि ज्वारी पेरली. कालव्याला पाणी सुटलं तेव्हा ज्वारी गुडघ्याएवढी होती. माती मुठीत दाबली, तर गोळा झाला. म्हणजे ओल पुरेशी होती.

शेजारी बांधावरून ओरडला, "चारीचं दार उघडा की! पानी काय सासुरवाडीचं हाय, लाजायला?"

हक्काचं पाणी डोळ्यांदेखत पुढे चाललं होतं. दोनदा माझा हात दाराकडे गेला. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली. अजून खारट होती. दार मी बंदच ठेवलं.