बिनचेहऱ्याच्या चित्राची ओळखपरेड

बाकीच्या केसेस विसरलो, ही एक डोक्यातून जात नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो. पण एवढा गोंधळलेलो ते फक्त एका कागदापुढे.

टिटवाळ्याच्या एक बाई कल्याणला आमच्या ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. तिथल्या इंग्रज साहेबाने मायदेशी जाताना त्यांना चित्र दिलेलं. झग्यातली उभी बाई, खडूने काढलेली, अडीचशे वर्षांपूर्वीच्या विलायती चित्रकाराची. फ्रेमला वाळवी लागली म्हणून बाईंनी ते कल्याणच्या फ्रेमवाल्याकडे टाकलं. तो म्हणाला, वाळवीने खाल्लं, फेकून दिलं.

"यजमानांची तेवढीच आठवण आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

पुढे खबऱ्याने सांगितलं, फ्रेमवाला विलायती चित्राला गिऱ्हाईक शोधतोय. छापा घातला, चित्र मिळालं. "हे वेगळं, मी भंगारात घेतलेलं," एवढंच तो बोलायचा.

ओळख पटवताना एकटी वस्तू समोर ठेवायची नसते. शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांकडून तसलीच चित्रं आणून मिसळली, पंच बसवले. बाईंनी सगळी बघितली.

"यात नाही. आमचीला चेहरा होता."

जप्त केलेल्या चित्रात झगा होता, हात होते, उभं राहण्याची ऐट होती. तोंडाच्या जागी कोरा कागद. फ्रेमवाला हसला. "आता तरी सोडा, साहेब."

वाटलं, यानेच चेहरा खोडला. भिंग लावून बघितलं, खोडलेलं काही नाही. बाईंचा मुलगा म्हणाला, "अगं आई, वय झालं तुझं, चल घरी." वरिष्ठ म्हणाले, खोटी तक्रार म्हणून बंद करा. मी ऐकलं नाही. बाईंना चहा दिला.

"घरी या चित्राचं काय करायचात?"

"काय करणार? फडका मारायचा, कुंकू लावायचं. आधी सासूबाई लावायच्या, मग मी. बाईमाणूस भिंतीवर, तशीच कशी ठेवायची?"

"कागदाला कुंकू?"

"काचेवर हो."

दुकानामागच्या कचऱ्यात जुन्या काचा होत्या. एकीवर कुंकवाचा जाड थर. पंचांसमोर ती कागदावर ठेवली. काचेच्या कडेचे डाग कागदावरच्या डागांना जुळले आणि कुंकू बरोब्बर त्या कोऱ्या जागी आलं. बाईंनी हात जोडले. "हीच." फ्रेमवाला कबूल झाला.

नंतर एका जाणकाराने सांगितलं, हा चित्रकार चेहरा थेट मोठ्या रंगीत चित्रातच काढायचा. त्याआधी सरावाला कागदावर फक्त उभं राहणं आणि कपडे बसवून बघायचा. चेहरा कधी नव्हताच. मी बाईंना तसं सांगितलं.

"तुम्ही नीट बघितलं नसेल," म्हणाल्या, आणि चित्र छातीशी धरून गेल्या.

पंचनाम्यात मी 'चेहरा नाही' लिहिलं, त्यावर आजही ठाम आहे. बाईंचा जबाबही खोटा नव्हता. दोन्ही खरं कसं, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर चुकीचं सांगणाऱ्या साक्षीदाराला मी कधी खोटारडा म्हटलं नाही.